सिनेमात दिसणे आणि सिनेमा काढणे

१९४७ साली मिस इंडियाचा मान एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम यांना मिळाला. सिनेमा पाहणारे लोक त्यांना प्रमिला या नावाने ओळखत. त्या तेव्हा तिशीच्या होत्या, लग्न झालेले होते, घरात मुले होती. स्पर्धेच्या वेळी पोटात बाळ होते असेही त्यांच्या घरचे सांगत. पुढच्या काळात अशा स्पर्धा अविवाहित, वीस-बावीस वर्षांच्या मुलींसाठीच राखल्या गेल्या. म्हणून पहिली मिस इंडिया एक यहुदी बाई होती, एका मुसलमान नटाची बायको होती आणि चित्रपट काढणाऱ्या कंपनीची मालकीण होती, हे आज सांगितले तर लोकांना पटकन खरे वाटत नाही.

त्या वर्षी आमचा जालना तर भारतातही नव्हता. निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. तरी मुंबईचा सिनेमा मनमाडमार्गे रेल्वेने आमच्याकडे येतच होता. दिल्लीचे 'शमा' मासिक उर्दू घरांमध्ये वाचले जात होते. त्यात अदबी मजकूर असे आणि नायिकांचे फोटोही असत. नायिकेचा चेहरा आमच्या घरांनी असा वर्षानुवर्षे पाहिला. त्या चेहऱ्यामागची बाई काय करते, कोणासाठी काम करते, तिच्या सिनेमाचा पैसा कोणाच्या खिशात जातो, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

आपल्या समाजात मुलींनी कॅमेऱ्यासमोर जावे की नाही यावर भरपूर बोलले जाते. जुम्म्याच्या बयानात बोलले जाते, लग्नाच्या पंगतीत बोलले जाते आणि आता मोबाईलवरच्या रील्समुळे घराघरांत बोलले जाते. या वादाची एक बाजू घेऊन लिहिणे सोपे आहे. मला दुसऱ्याच प्रश्नाकडे जायचे आहे. जी बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तिच्या हातात त्या सिनेमाची सूत्रे कधी आली का? आली असतील तर त्याची किंमत तिने काय मोजली? मराठीत आणि उर्दूत 'पडदा' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पडदा बाईला झाकतो, दुसरा तिला हजारो लोकांना दाखवतो. दोन्ही पडद्यांच्या बाबतीत निर्णय घेणारे बहुतेक वेळा पुरुषच असतात. हा इतिहास त्याला अपवाद ठरलेल्या काही बायकांचा आहे.

सुरुवात १९१३ पासून करावी लागेल. दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना. चांगल्या घरची सोडा, कोणत्याच घरची बाई तयार होईना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषाने तारामती केली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या आणि कोंडी फुटली. तरी पुढची वीस वर्षे हिंदू आणि मुसलमान दोन्हीकडची 'इज्जतदार' घराणी सिनेमापासून दूरच राहिली. मग सिनेमात बायका आल्या कुठून? गाणे-बजावणे हाच ज्यांचा पेशा होता त्या घरांतून, उर्दू रंगभूमीवरून, अँग्लो-इंडियन आणि यहुदी कुटुंबांतून. ज्यांच्यावर समाजाची मर्जी आधीच नव्हती किंवा ज्यांच्या समाजाचे नियम वेगळे होते, अशाच बायकांना हा दरवाजा उघडा होता.

आणि याच बायकांनी मालकीकडे सर्वांत आधी पाहिले. उर्दू रंगभूमीवरच्या फातमा बेगम १९२२ साली 'वीर अभिमन्यू'मधून सिनेमात आल्या. चार वर्षांनी त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि १९२६ साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतीय सिनेमातील पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांची मुलगी झुबेदा पुढे 'आलम आरा'ची नायिका झाली. जद्दनबाईंनी तीसच्या दशकात स्वतःची संगीत फिल्म्स ही संस्था काढली. अभिनय, निर्मिती आणि संगीत या तिन्ही गोष्टी त्या स्वतः करत. नर्गिस या त्यांच्या कन्या. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स टेलिफोन ऑपरेटर होत्या. 'सुलोचना' हे नाव घेऊन त्या मूकपटांच्या सर्वांत मोठ्या नायिका झाल्या आणि नंतर त्यांनीही आपली कंपनी काढली. फातमा बेगम आणि जद्दनबाई मुसलमान, सुलोचना यहुदी. आपल्या समाजाच्या इतिहासात फातमा बेगमांना जागा नाही. सिनेमाच्या इतिहासात त्यांना एक ओळ मिळते.

प्रमिला या पिढीच्या लगेच नंतरच्या. ३० डिसेंबर १९१६ रोजी त्यांचा जन्म कलकत्त्यात बगदादी यहुदी कुटुंबात झाला. बगदाद, बसरा, अलेप्पो या भागांतून व्यापारासाठी सुरत, मुंबई आणि कलकत्त्याला आलेल्या यहुद्यांना बगदादी म्हणतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल वेगळे. ते शतकानुशतके इथलेच, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे या बेने इस्राएलांपैकी. बगदादी मात्र घरात अरबी बोलत आले आणि हळूहळू इंग्रजीकडे वळले. प्रमिला यांचे वडील रूबेन अब्राहम कलकत्त्याचे व्यापारी होते. आई मटिल्डा कराचीच्या. हे कराची पुढे लक्षात ठेवायचे आहे.

मुलगी शिकलेली होती. काही काळ तिने शिक्षिकेचे कामही केले. माझ्यासारख्या बीएड झालेल्या बाईला ही गोष्ट वाचून बरे वाटते. पण सतराव्या वर्षीच तिने घर सोडून नाटक मंडळीची वाट धरली होती. त्या काळी फिरत्या पारशी मंडळ्या सिनेमाही दाखवत. प्रोजेक्टर एकच असे. एक रीळ संपून दुसरे चढवेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जात. तेवढा वेळ प्रेक्षकांना खुर्चीत धरून ठेवायला नाच लागे. एस्थर अब्राहम यांचे पहिले काम ते. सिनेमाच्या दोन रिळांच्या मधल्या रिकाम्या जागेत नाचायचे.

मुंबईमार्गे त्या कोल्हापूरला आल्या. कोल्हापूर सिनेटोनच्या 'भिकारन' (१९३५) या चित्रपटात त्यांना काम मिळाले. 'प्रमिला' हे नाव तिथेच, बाबुराव पेंढारकरांनी दिले असे सांगतात. कलकत्त्याच्या यहुदी मुलीला कोल्हापुरात मराठी माणसाकडून हिंदू वाटणारे नाव मिळावे, हा त्या काळच्या सिनेमाचा रिवाजच होता. पुढे युसुफ खान यांचे दिलीप कुमार झाले आणि मुमताज जहाँ बेगम यांची मधुबाला. नाव बदलले की चेहरा अधिक लोकांना आपला वाटतो, हे कंपन्यांना कळत होते. म्हणजे चेहरा तुमचा असला तरी त्यावरची पाटी कंपनीची. पगारही कंपनीचाच. तीसच्या दशकात नट-नट्या महिन्याच्या पगारावर नोकरीला असत. प्रभात असो की बॉम्बे टॉकीज, कोणता चित्रपट करायचा, कोणती भूमिका करायची, हे मालक ठरवत.

प्रमिला यांनी या व्यवस्थेत तीसेक चित्रपट केले. 'बिजली', 'जंगल किंग' यांसारख्या मारधाडीच्या चित्रपटांत त्या स्वतः घोड्यावर बसत, उड्या मारत. गोड, सोसणारी नायिका त्यांच्या वाट्याला कमी आली. खलनायिका आणि धाडसी बाई या भूमिका जास्त आल्या. स्वतःचे कपडे आणि दागिने त्या स्वतः बनवून घेत, त्यांची रचना स्वतः करत. १९४२ च्या बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत'मध्येही त्या आहेत. याच चित्रपटात बेबी मुमताज नावाची एक लहान मुलगी आहे. तीच पुढची मधुबाला, आणि मोठी झाल्यावर तिच्याही नावाची निर्मिती संस्था निघाली.

त्याच सुमारास प्रमिला आणि त्यांचे पती कुमार यांनी सिल्व्हर फिल्म्स ही कंपनी उभी केली. कुमार म्हणजे लखनौचे सय्यद हसन अली जैदी. 'पूरन भगत' (१९३३) या न्यू थिएटर्सच्या गाजलेल्या चित्रपटाचे नायक तेच. 'मुगल-ए-आझम'मधला, बादशहाच्या तोंडावर खरे बोलणारा संगतराश ज्यांना आठवतो, त्यांनी कुमार यांना पाहिलेले आहे. कंपनी काढायला हा काळ सोपा नव्हता. दुसरे महायुद्ध चालू होते. कच्ची फिल्म परदेशातून यायची, तिच्यावर सरकारी नियंत्रण आले आणि चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. पण याच काळात जुन्या मोठ्या कंपन्या खिळखिळ्या होऊ लागल्या होत्या. युद्धाच्या नफ्याचा पैसा बाजारात आला होता. स्टुडिओ भाड्याने घ्यायचा, नट ठरावीक रकमेवर बोलवायचे, हुंडीवर व्याजाने पैसा उचलायचा आणि वितरकाला चित्रपट आधीच विकायचा, असा नवा धंदा सुरू झाला. 'स्वतंत्र निर्माता' हा शब्द आज कलात्मक सिनेमासाठी वापरतात. तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता. ज्याच्या मागे स्टुडिओ नाही, ज्याने स्वतःच्या जबाबदारीवर कर्ज काढले आहे, तो स्वतंत्र.

'झंकार', 'बडे नवाब साहब' असे चित्रपट या संस्थेने काढले. प्रमिला यांच्या नावावर निर्माती म्हणून १६ चित्रपट सांगितले जातात. कोणी त्यांना पहिली मोठी स्त्री-निर्माती म्हणतात. पहिली कोण या वादात पडण्यात अर्थ नाही, फातमा बेगम त्यांच्या आधी होत्याच. पण दोन-तीन चित्रपट काढून थांबलेल्या अनेक नायिका आहेत. १६ चित्रपट म्हणजे हौस राहत नाही, तो पेशा होतो. निर्माती म्हणजे फायनान्सरशी व्याजाचा दर बोलणारी, वितरकाकडून हप्ता वसूल करणारी, पावसाने सेट भिजला तर नुकसान सोसणारी बाई. १९४७ साली मिस इंडियाचा मुकुट ज्यांच्या डोक्यावर ठेवला गेला, त्या बाई पाच वर्षांपासून हे सगळे करत होत्या.

याच वेळी एक मराठी नायिकाही अशाच वाटेने गेल्या होत्या. लीला चिटणीस धारवाडच्या, ब्राह्मण कुटुंबातल्या, पदवीधर. लग्न मोडले, मुले सांभाळायची होती, म्हणून आधी मराठी नाटकात आणि मग सिनेमात आल्या. 'कंगन', 'बंधन', 'झूला' या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत त्या अशोक कुमार यांच्या नायिका होत्या. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत त्या झळकल्या. तोपर्यंत हा साबण हॉलिवूडच्या नट्यांच्या चेहऱ्यांवर विकला जाई. भारतीय नायिकेचा चेहरा वस्तू विकू शकतो हे तेव्हा सिद्ध झाले आणि आजपर्यंत चालू असलेला जाहिरातींचा सिलसिला सुरू झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी चिटणीसबाईंनी 'किसी से ना कहना' या चित्रपटाची निर्मिती केली आणि १९५५ साली 'आज की बात' स्वतः दिग्दर्शित केला. यांपैकी कोणताही चित्रपट आज लोकांच्या स्मरणात नाही. स्मरणात राहिल्या त्या 'आवारा'तल्या आणि नंतरच्या कितीतरी चित्रपटांतल्या रडणाऱ्या आई.

प्रमिला यांच्यावरचा प्रसंग जास्त कठीण होता. फाळणीने चित्रपट व्यवसायाचे तुकडे केले. लाहोर आणि कराची ही मोठी बाजारपेठ दुसऱ्या देशात गेली. पण हिंदुस्थानी चित्रपट तिकडे लागत होते आणि निर्मात्यांना तिकडे जाणे भाग होते. प्रमिला जात राहिल्या. नवरा मुसलमान, आईचे माहेर कराचीचे, स्वतः यहुदी आणि वारंवार पाकिस्तानचा प्रवास. पाकिस्तानसाठी हेरगिरी करत असल्याचा संशय त्यांच्यावर आला. मोरारजी देसाई मुंबईच्या सत्तेत असताना त्यांना अटक झाली, अशी नोंद आहे. प्रवास चित्रपटांच्या कामासाठी होते हे पुढे स्पष्ट झाले आणि त्या सुटल्या. पण विचार करून पाहा. ज्या बाईच्या डोक्यावर 'मिस इंडिया'चा मुकुट ठेवला, तिलाच काही वर्षांत 'तू इंडियाची आहेस का' असे विचारले गेले. चेहरा देशाचा म्हणून चालत होता. त्या चेहऱ्याची बाई धंदा करू लागली, सरहद्द ओलांडू लागली, तेव्हा तो चालेनासा झाला. आपल्या वाचकांना हा प्रश्न नवा नाही, म्हणून मी जास्त लिहीत नाही.

कुमार यांनी अखेर १९६३ साली पाकिस्तानचा रस्ता धरला. प्रमिला गेल्या नाहीत. मुंबईत दादरला, शिवाजी पार्कच्या परिसरात, मुलांसह राहिल्या. हा निर्णय मला त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाटतो. नवरा गेला, कंपनीचे दिवस संपले, तरी त्यांनी आपला मुक्काम हलवला नाही. मुलगी नकी जहाँ चेतन आनंद यांच्या 'आखरी खत'मध्ये दिसली आणि १९६७ साली तीही मिस इंडिया झाली. आई आणि मुलगी दोघींनी हा मान मिळवल्याचे दुसरे उदाहरण नाही. मुलगा हैदर अली 'नुक्कड' मालिकेत घराघरांत पोचला आणि पुढे 'जोधा अकबर'ची कथा त्याने लिहिली. यहुदी आईच्या मुलाने मुगल बादशहा आणि राजपूत राणीची गोष्ट लिहावी, ही या शहराची आणि या धंद्याची खासियत.

दुसरी मिस इंडिया अगदी वेगळ्या घरातली. लीला नायडू यांचे वडील आंध्रचे शास्त्रज्ञ, आई युरोपातल्या पत्रकार. १९५४ साली त्या मिस इंडिया झाल्या तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. 'व्होग' या फॅशनच्या मासिकाने जगातल्या सुंदर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. त्यांना पुढे जन्मभर त्या यादीवरूनच ओळखले गेले. चेहऱ्याचे ओझे कसे असते याचे हे उदाहरण आहे. हृषीकेश मुखर्जी यांनी त्यांना 'अनुराधा'त (१९६०) घेतले. बलराज साहनी नायक, संगीत पंडित रविशंकर यांचे. गोष्ट एका रेडिओवर गाणाऱ्या मुलीची. ती आदर्शवादी डॉक्टरशी लग्न करून खेड्यात जाते आणि संसारात तिचे गाणे बंद पडते. नवऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, पण तिकीटबारीवर तो फार चालला नाही.

यानंतर मोठ्या स्टुडिओचे दरवाजे उघडे होते. राज कपूर यांनी अनेक चित्रपटांचा करार देऊ केला होता. तो लीला नायडू यांनी घेतला नाही. करार म्हणजे काही वर्षे आपला चेहरा एका कंपनीच्या हवाली करणे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी केलेला 'द हाउसहोल्डर' (१९६३) हा एका नव्या, पैसा नसलेल्या जोडीचा पहिला कथापट होता. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी आणि निर्माते इस्माईल मर्चंट. मर्चंट हे मुंबईत जन्मलेले मुसलमान तरुण. जगभर स्वतंत्र सिनेमाचे निर्माते म्हणून त्यांनी पुढे चाळीस वर्षे नाव कमावले. या पहिल्या चित्रपटाच्या संकलनाला सत्यजित राय यांनी हात लावला. मर्चंट-आयव्हरी हे नाव मोठे झाले. त्या पायरीवर उभ्या असलेल्या नायिकेचे नाव मात्र तिच्या सौंदर्यापुरतेच उरले.

लीला नायडू नंतर कॅमेऱ्याच्या मागे गेल्या. त्यांनी आपल्या नावाची छोटी निर्मिती संस्था काढली. साठच्या दशकाच्या अखेरीस कुमार शहानी यांच्या 'अ सर्टन चाइल्डहुड' या लघुपटाची निर्मिती त्यांनी केली. शहानी तेव्हा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले नवखे तरुण होते. 'माया दर्पण' अजून यायचा होता. अशा मुलाला कोण पैसे देणार? फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन १९६० साली सुरू झाले होते, पण नवीन मुलांच्या प्रयोगांना तिथून बळ मिळायला दशक उलटावे लागले. त्याआधी एका मिस इंडियाने त्यांच्यावर विश्वास ठेवला. कवी डॉम मोराइस यांच्याशी लग्न झाल्यावर त्या काही वर्षे हाँगकाँगला होत्या. तिथे त्यांनी चित्रपटांच्या डबिंगचे कामही केले. १९८५ साली श्याम बेनेगल यांच्या, गोव्यात चित्रित झालेल्या 'त्रिकाल'मध्ये त्या परत दिसल्या. २८ जुलै २००९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. जेरी पिंटो यांच्या सोबतीने सांगितलेले त्यांचे आत्मकथन दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले.

या बायकांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली की काही गोष्टी दिसतात. शोहरत चेहऱ्याने मिळाली आणि तिचा उपयोग प्रत्येकीने स्वतःचे काम उभे करण्यासाठी केला. प्रत्येकीची कंपनी तिच्या हयातीतच संपली. पैसा हे एक कारण. दुसरे कारण लग्न, घटस्फोट, फाळणी, मुलांचे संगोपन. पुरुष निर्मात्याच्या आयुष्यातही या गोष्टी येतात, पण त्याने कंपनी बंद होत नाही. तिसरे कारण जपणुकीचे. जुनी नायट्रेट फिल्म पेट घेते, कुजते, चांदीसाठी वितळवली जाते. पुण्याचे राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ साली सुरू झाले तोवर मूकपटांचा मोठा भाग गेलेला होता. 'बुलबुल-ए-परिस्तान'ची प्रत आज नाही. 'आलम आरा'चीही नाही. मात्र फोटो टिकले. त्यामुळे या बायकांचे चेहरे आपल्याला दिसतात आणि त्यांनी काय बनवले ते दिसत नाही.

आता जवळच्या मालेगावकडे या. मागावर काम करणाऱ्या, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या मुसलमान तरुणांनी तिथे थोड्या पैशांत 'मालेगाव के शोले'सारखे चित्रपट काढले. त्यांच्यावरचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जगभर पाहिला गेला. स्वतंत्र सिनेमा म्हणजे काय हे समजण्यासाठी आपल्या भागातले याहून चांगले उदाहरण नाही. पण त्या चित्रपटांत गावातल्या मुली नाहीत. नायिकेसाठी बाहेरून मुलगी बोलवावी लागे. म्हणजे फाळके यांच्या तारामतीचा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांनी मालेगावात तसाच उभा होता. गंमत अशी की हा माहितीपट दिग्दर्शित केला फैजा अहमद खान यांनी. कॅमेऱ्यासमोर मुलगी नव्हती, पण सगळ्यांकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यामागे एक मुसलमान बाई होती.

आमच्याकडे शाळेत एकदा मुलांनी बालविवाहावर आठ मिनिटांचा लघुपट मोबाईलवर केला. एका मुलीच्या घरून सांगून आले की तिचा चेहरा दिसायला नको. मग ती मोबाईल धरायला उभी राहिली. दोन दिवसांत कोणी कुठे उभे राहायचे हे तीच सांगू लागली आणि शेवटी जोडकामही तिनेच केले. मुख्य भूमिका करणाऱ्या मुलीला टाळ्या मिळाल्या. पण लघुपट कोणाचा होता हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होते. यावरून कोणी असे म्हणू नये की चेहरा झाकला म्हणून बरे झाले. तिला कॅमेऱ्यासमोर यायचे असते तर तो तिचा हक्क होता. मला एवढेच दिसले की आपण मुलींना 'दिसू नका' इतकेच सांगतो आणि बाकी काही शिकवत नाही. दिसणाऱ्या मुलीलाही शिकवत नाही. तिच्या रीलचा पैसा कोणाला जातो, कागदावर सही करताना काय वाचायचे, तिच्या फोटोवर हक्क कोणाचा, हे तिला ना घरी कळते ना शाळेत.

शिवणकामाचे वर्ग आपण चालवतो, मेहंदीचे चालवतो. त्याच खोलीत संकलनाचा, ध्वनीचा, पटकथेचा वर्ग चालवायला एक संगणक आणि थोडी इच्छा पुरते. लग्नाचे व्हिडिओ चित्रण हा जालन्यात चांगला चालणारा धंदा आहे. जनानखान्याच्या बाजूला चित्रणासाठी बाईच हवी असते आणि ती मिळत नाही, ही तक्रार प्रत्येक शादीखान्यात ऐकू येते. सुरुवात तिथून झाली तरी चालेल. फातमा बेगम उर्दू रंगभूमीवरून आल्या होत्या, प्रमिला दोन रिळांमधल्या नाचातून.

प्रमिला यांनी शेवटचा चित्रपट केला तो अमोल पालेकर यांचा 'थांग'. इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत तो झाला. १९३५ साली कोल्हापूरला मराठी माणसांच्या कंपनीत नाव मिळालेली ही बाई नव्वदीला टेकली असताना मराठी चित्रपटात आजी झाली. ६ ऑगस्ट २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांची ओळख सांगताना आजही लोक 'पहिली मिस इंडिया' म्हणून थांबतात. पुढच्या वेळी कोणी असे थांबले तर त्यापुढे '१६ चित्रपटांची निर्माती' एवढे आपण जोडावे.